पाट्याला टाकी लावायची राहिलीये

परवा एका मैत्रिणीचा मेसेज आला, "तू सारखं कसं काय लिहितेस गं, मला तर बसलं की काहीच सुचत नाही." तिला फोनवर सांगितलंच, पण हे विचारणारी ती एकटी नाहीये म्हणून इथे जरा सविस्तर लिहिते.

मागच्या पावसाळ्यात माझेही अडीच-तीन महिने कोरडे गेले. रात्री जेवणं आवरली की मोबाईल घेऊन बसायचे, कोण कशावर लिहितंय ते बघायचे आणि त्याच विषयावर आपल्याही चार ओळी टाकायचे. दुसऱ्या दिवशी ते मलाच परत वाचवायचं नाही. सगळ्यांचं बोलून झालेल्या गोष्टीवर अजून एक मत, त्यात माझं असं काय होतं?

मग माहेरी गेले होते तेव्हा आई पाट्यावर खोबरं-लसणाची चटणी वाटत होती. म्हणाली, "पाटा पार गुळगुळीत झालाय, नुसता वरवंटा घसरतो, टाकी लावायला पाहिजे पण आता तो येतच नाही." मी सहज विचारलं, तो म्हणजे कोण गं? आणि तिथून आई जी सुरू झाली की कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या. तो टाकी लावणारा, म्हणजे छिन्नीने बारीक टाके मारून गुळगुळीत पाटा परत खरखरीत करून देणारा. दारावरून ओरडत जायचा, झोळीत छिन्नी-हातोडी, अंगणात बसून टाके मारायचा, पोरं ठिणग्या बघायला गोळा व्हायची, पैसे नसले तर पायलीभर ज्वारीपण चालायची. आणि टाकी लावल्यावर लगेच चटणी वाटायची नाही, आधी मूठभर तांदूळ वाटून टाकून द्यायचे नाहीतर दातात कच येते. मी पाट्यावर हात फिरवला तर मधे काचेसारखा, आणि पार कडेला मात्र जुन्या टाक्यांचे बारीक खड्डे अजून बोटाला लागत होते. जन्मापासून बघतेय मी तो पाटा, पण हात लावून असा कधी बघितलाच नव्हता!

त्या रात्री लिहायला बसले तर थांबायचं कुठे ते कळेना. हा आपला काळा कातळ, बेसाल्ट, साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा, महाराष्ट्राचा बहुतेक भाग त्याच्यावरच बसलाय, वेरूळचं कैलास लेणं आठव्या शतकात याच दगडात वरून खाली कोरत आणलं तेही छिन्नी-हातोडीनेच, आणि तोच दगड आईच्या चटणीखाली. मिक्सरचं पातं खोबरं कापतं आणि पाटा ते चिरडतो, म्हणून त्याला तेल सुटतं आणि चव वेगळी लागते, हा अजून एक विषय. एका पाट्यावर माझे तीन लेख झाले.

म्हणून मला आता पक्कं वाटतं की विषय हवा असेल तर कुणाला तरी काहीतरी विचारायला पाहिजे. आणि विचारताना वस्तू समोर ठेवून विचारा. "तुमचं लहानपण कसं होतं" म्हटलं की "छान होतं" एवढंच उत्तर येतं, पण अडकित्ता हातात देऊन विचारा, अर्धा तास कुठे जातो कळत नाही. त्यांचे शब्द जसेच्या तसे लिहून ठेवा, आपण ते नकळत पुस्तकी करून टाकतो. आणि हे नको लिहूस म्हणाले तर नाही लिहायचं, मग लेख कितीही चांगला होणार असला तरी.

गोविंद नारायण माडगांवकरांनी १८६३ साली 'मुंबईचे वर्णन' हे पुस्तक लिहिलं, ते रोजच्या पायाखालच्या शहराचंच होतं ना! म्हणून तर त्या काळची मुंबई बघायला आपण आज ते उघडतो.

आईचा पाटा अजून तसाच आहे. सातारा-कराड बाजूला कुणी टाकी लावणारे असतील तर प्लीज कळवा, पाटा गाडीत घालून मी येते, त्यांना विचारायचे प्रश्न आत्ताच दीड पान झालेत.