कुलूप भक्कम, पण किल्ली कोणाकडे?

वकिलांच्या पक्षकारांची कागदपत्रे क्लाउडवर (म्हणजे सेवा पुरवणाऱ्या कंपनीच्या, इंटरनेटवरून वापरायच्या संगणकांवर) ‘एईएस-२५६’ या प्रचलित पद्धतीने कूटबद्ध, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणाऱ्या रूपात, असतात म्हणून ती सुरक्षित आहेत, हे वकिलांच्या क्लाउड-वापरावरील लेखातील विधान मला अपुरे वाटते. हे कूटबद्धीकरण (एन्क्रिप्शन) कितीही भक्कम असले, तरी ते उलगडणारी डिजिटल किल्ली सेवा पुरवणाऱ्या कंपनीकडेच राहत असेल, तर तिचा एखादा कर्मचारी किंवा आदेश घेऊन आलेली सरकारी यंत्रणा वकिलाच्या नकळत तो मजकूर वाचू शकते, आणि गोपनीयतेचा प्रश्न नेमका इथेच उभा राहतो. किल्ली स्वतःकडे ठेवण्याची सोय काही सेवांत असते. मात्र ती हरवली, की फायलीही गेल्याच. फर्म सोडून गेलेल्या सहकाऱ्याचे खाते त्याच दिवशी बंद झाले का, हे पाहणे तर माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित काम. सेवा देणाऱ्या कंपनीशी असलेला करार संपल्यावर बॅकअपमधील प्रती किती दिवसांत पुसल्या जातील, हेही आधीच लेखी घ्यावे.