क्लॅम्प काढा म्हणणारा कुठं गेला?

मे महिना, अंगाची लाही लाही, जालन्याकडच्या काळ्या रानात गावाच्या नळयोजनेची लाइन टाकायलोत आणि साहेबांना दिवसातून तीनदा रिव्ह्यू पाहिजे! अरे, रिव्ह्यू देत बसू का चर खोदू?

डेडलाइन जवळ आली की आमची टीम काम सोडून पुरावे गोळा करायला लागते. डिझाइनवाला म्हणतो, ड्रॉइंग कधीच मेल केलं. स्टोअरवाला म्हणतो, इंडेंटच, म्हणजे मालाची लेखी मागणीच, आली नाही. रात्री ग्रुपवर ‘काम जोरात’ म्हणून फोटो पडतात, एकाच चराचे, दोन टोकांकडून काढलेले. सगळ्यांना दिसतंय. तरी खाली अंगठ्यांची रांग!

पाऊस पडला की काळ्या मातीत जेसीबी रुतते, हे हिवाळ्यातच ओरडून सांगितलं होतं. तेव्हा पाइपचा पत्ता नव्हता आणि घाईही कुणाला नव्हती. ‘हर घर जल’ची मुदत २०२४ ची होती, ती २०२८ वर गेली. दिल्लीला चार वर्षं मिळतात, आम्ही चार दिवस मागितले की कामचुकार!

मग काय, दुसऱ्या साइटवरची पोरं आणून ओतली. वेल्डिंगचं मशीन एकच, माणसं दुप्पट. जुनी लाइन कुठून जाते हे त्यांना कोण सांगणार? पहिल्याच दिवशी गावाचं चालू पाणी फोडलं. टँकर लावला, आणि सरपंचांच्या शिव्या खायला मी.

आणि परवा तर कहरच. एचडीपीईच्या, म्हणजे जाड प्लास्टिकच्या पाइपांचा जॉइंट मारताना दोन्ही तोंडं २१० डिग्रीच्या आसपास तापलेल्या प्लेटवर वितळवायची, एकमेकांवर दाबायची आणि क्लॅम्पच्या पकडीतच थंड होऊ द्यायची. तिथं घाई चालतच नाही. वेल्डर पोरगा नीट थांबला होता. तेवढ्यात वरून फोन, ‘नुसतं बसून काय राहायलेत? काढा क्लॅम्प, घ्या पुढचा!’ काढला बिचाऱ्यानं. टेस्टिंगला नेहमीच्या दीडपट प्रेशर चढवलं आणि तोच जॉइंट फाटकन सुटला, चरभर चिखल.

फोन करणारा तेव्हापासून ग्रुपवर गप्पगार. खुलासा मागितला वेल्डरला, हजेरी कापली वेल्डरची. ती कुणाच्या पगारातून भरून देणार, हे पुढच्या रिव्ह्यूत विचारणारच आहे मी. लिहून घ्या म्हणावं मिनिट्समध्ये.