फक्त वर्ष बदलायचंय

आज सकाळपासून सोसायटीच्या नोटीस बोर्डावर मी थकबाकीदार आहे. रक्कम रुपये ९९००. येताना वॉचमन खुर्चीवरून उठला नाही. तो एरवीही उठत नाही, पण आज ते लागलं.

आणि ती यादी मीच करून दिलेली आहे.

वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते आणि तिची नोटीस पूर्ण १४ दिवस आधी द्यावी लागते, हे आमच्या सेक्रेटरींना दरवर्षी अगदी कडेलोटाच्या आदल्या रात्री आठवतं. मुलुंडच्या आमच्या इमारतीत ते माणसांना फ्लॅटच्या नंबराने हाक मारतात. "३०४, तुम्ही कॉम्प्युटरमधले ना? व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलंय बघा. गेल्या वर्षीचीच नोटीस आहे, फक्त वर्ष बदलायचंय. मागे खजिनदारांची यादी जोडा आणि सगळं वर्डमध्ये द्या."

मी बँकेत कर्जविभागात आहे. कॉम्प्युटर टेबलावर असतो, एवढाच काय तो संबंध.

पीडीएफ २३ पानांची होती. त्यातली निम्मी पानं म्हणजे मोबाईलवर काढलेले फोटो, किंचित तिरके, आणि सातव्या पानाच्या कोपऱ्यात सेक्रेटरींचा अंगठा. फुकटात वर्ड करून देणारी एक वेबसाइट सापडली. तिने दोन पानं केली आणि उरलेल्यांसाठी पैसे भरा किंवा उद्या या म्हणाली. शिवाय सगळ्या सभासदांचे फोन नंबर आणि थकबाक्या कुठल्या अनोळखी सर्व्हरवर चढवायच्या, हे मनाला पटेना. सेक्रेटरींना विचारलं तर म्हणाले, "चढवा हो, आपलं कोण बघतंय."

तेवढ्यात आप्पा आले. आप्पा ३०२ मधले. गिरगावातल्या छापखान्यात खिळे, म्हणजे छपाईची सुटी धातूची अक्षरं, जुळवण्यात त्यांचा जन्म गेला आणि आता आमच्याकडे चहाचं आधण चढलं की त्यांना भिंतीपलीकडून कळतं.

"काय चाललंय रे?"

"पीडीएफची वर्ड करतोय."

"म्हणजे काय करतोयस?"

मी समजावलं. आप्पांनी बशीत चहा ओतला, फुंकर मारली आणि म्हणाले, "म्हणजे छापून झालेला कागद घेऊन छापखान्यात जायचं आणि सांगायचं, यातले खिळे परत द्या."

मी हातातला माउस खाली ठेवला. कारण प्रकरण तंतोतंत तेच आहे. अ‍ॅडोबी कंपनीने १९९३ साली पीडीएफ हा प्रकार काढला तोच मुळी कागद कुठेही उघडला तरी तसाच दिसावा म्हणून. अमुक अक्षर पानावर अमुक जागी, इतकंच त्याला ठाऊक. परिच्छेद, रकाना असलं काही त्याच्या पोटात बहुधा नसतंच. मी एक धडधाकट, टाइप केलेलं पान लिबरऑफिस या फुकट सॉफ्टवेअरच्या ड्रॉमध्ये उघडलं तर प्रत्येक ओळ वेगळ्या चौकटीत. ‘२०२४’च्या जागी ‘दोन हजार पंचवीस’ लिहून पाहिलं, तर शब्द सरळ समासाबाहेर निघाला.

"पुढची ओळ खाली उतरत नाही?" आप्पांनी विचारलं.

"नाही."

"आम्ही परिच्छेद संपेपर्यंत खिळे सरकवत न्यायचो. चिमट्याने. आणि तेही उलटं वाचत." ते स्क्रीनकडे अशा काही नजरेने बघत होते की मलाच ओशाळल्यासारखं झालं.

मग मी मजकूर कॉपी करून पाहिला. ‘किती’ उचललं, चिकटवलं ‘िकती’. वेलांटी कुंपणाबाहेर उभी. मी कपाळावर हात मारला, पण आप्पांचा चेहरा उजळला. "बरोबरच आहे की! वेलांटीचा खिळा आधी, क मागून. असाच लावायचा असतो." युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटर अक्षरं ज्या पद्धतीने साठवतो तिच्यात, क आधी लागतो आणि वेलांटी नंतर, हे मी सांगितलं. त्यावर ते म्हणाले, "मग चुकतंय ते तुमचं युनिकोड." जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याचा टाइप कसा मोत्यासारखा होता, इथपासून हल्लीच्या लग्नपत्रिकांमधला ‘श्र’ कसा कुपोषित असतो इथपर्यंत गाडी गेली. दरम्यान रात्रीचे दहा वाजले. सेक्रेटरींचा मेसेज आला: "झालं का ३०४? एका वर्षाला किती वेळ?"

उरल्या फोटोवाल्या पानांना एकच उपाय. पीडीएफटूपीपीएम नावाची फुकट मिळणारी आज्ञा आहे, ती दर पानाचं चित्र करून देते. ३०० डीपीआय, म्हणजे इंचाला ३०० ठिपके, सांगितलं की ए४ पानाचं २४८० बाय ३५०८ ठिपक्यांचं चित्र होतं. ते टेसरॅक्ट नावाच्या सॉफ्टवेअरला द्यायचं, मराठीची फाइल जोडायची, आणि ते चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर काढून देतं. हे एचपी कंपनीत १९८५ च्या सुमारास सुरू झालं आणि २००५ साली सर्वांना खुलं झालं, हे मी जरा अभिमानानेच सांगितलं. जणू मीच खुलं केलं होतं.

निकाल आला. सभेच्या अध्यक्षांचं ‘मानधन’ होतं ते ‘मानघन’ झालं. ‘खर्च’चा ‘रवर्च’. आणि सातव्या पानावर अंगठ्याच्या जागी ‘ळ॥’.

"पंच्याऐंशी साल म्हणजे वय चाळीस," आप्पा म्हणाले. "चाळिशी आली तरी ध आणि घ कळत नाही? आमच्याकडे उमेदवार पोराला सहा महिन्यांत कळायचं. नाही कळलं तर गल्लीत परत."

मला राग आला. टेसरॅक्टची बाजू घ्यावीशी वाटली. जगात कुठेकुठे बसलेली माणसं आपला वेळ घालून हे बनवतात, वर पैसे मागत नाहीत. त्याला मुक्त सॉफ्टवेअर म्हणतात, फुकट सॉफ्टवेअर नाही. आमच्या सोसायटीत फुकट सॉफ्टवेअर एकच आहे आणि ते ३०४ मध्ये राहतं. पाण्याच्या टाकीचं कोटेशन, गणपतीची वर्गणी, कोणाच्या तरी भाच्याचा बायोडेटा, सगळं माझ्याकडे. ‘जरा बघा’ म्हणून. इलेक्ट्रिशियनला कोणी जरा बघा म्हणत नाही, त्याला आधी किती घेणार विचारतात.

दीड वाजेपर्यंत मी ध-घ, भ-म, रव-ख निवडत बसलो, तांदळातले खडे निवडावेत तसा. आप्पा बारालाच गेले. जाताना म्हणाले, "आकडे नीट बघ हो. मराठी १ आणि ९, झोपेत सारखेच दिसतात."

मी झोपेतच होतो.

माझी पार्किंगची थकबाकी ११०० रुपये आहे, त्यावरही माझा वाद आहे, पण तो वेगळा. बोर्डावर ती ९९०० लागली आहे. २०२ ची ९०० ची १०० झाली आहे. त्यांनी मात्र सकाळी मला हसून नमस्कार केला, एरवी कधी करत नाहीत.

मी सेक्रेटरींना गाठलं. म्हणालो, चूक आहे, कागद काढा.

"तुम्हीच दिलंत ना ते?"

"हो, पण..."

"मग लेखी द्या, ३०४. तोंडी कसं बदलणार? दुरुस्तीच्या अर्जाचा नमुना आहे माझ्याकडे, पाठवतो. फक्त नाव बदलायचंय त्यात."

आत्ताच आला आहे. एक पान, तिरकं. अंगठा या वेळी डाव्या कोपऱ्यात आहे.