मुलाखत गाजवायची आहे? मग हे वाचाच!

गेल्या मंगळवारी मी एका दिवसात सहा मुलाखती घेतल्या. संध्याकाळपर्यंत एवढं ज्ञान पदरात पडलं की ते एकटीने पचवणं शक्य नाही. म्हणून नोकरी शोधणाऱ्या तमाम होतकरूंसाठी हे मोफत मार्गदर्शन.

पहिली गोष्ट, जाहिरात वाचू नका. वाचली की आपण त्या कामाचे नाही हे कळतं आणि मन उगाच खट्टू होतं. दिसेल तिथे ‘अप्लाय’ दाबा. आमचा फोन आला की “कुठून बोलताय? कुठली पोस्ट? मी बऱ्याच ठिकाणी टाकलंय हो,” असं म्हणा. आम्हाला धन्य वाटतं.

रिझ्युमे मात्र मन लावून करा. म्हणजे मित्राचा घ्या आणि नाव बदला. लिओनार्दो दा विंचीने १४८२च्या सुमारास मिलानचा कारभार पाहणाऱ्या लुदोविको स्फोर्झाला नोकरीसाठी पत्र लिहिलं. हलके पूल बांधून देईन, खंदकातलं पाणी काढून देईन, तोफा करून देईन, असे सगळे त्या लढाईखोर माणसाच्या कामाचे मुद्दे. चित्रं काढतो हे पार शेवटी, जाता जाता. बिचारा! समोरच्याला काय हवंय याचा विचार करायचा नसतो, हे त्याला कुणी सांगितलंच नसावं. तुम्ही चार पानं भरा. वर ‘मेहनती, प्रामाणिक, टीम प्लेयर’. एक्सेलमध्ये स्वतःच स्वतःला पाचपैकी साडेचार तारे द्या. त्यातलं व्ही-लुकअपचं सूत्र विचारलं तर राहिलेला अर्धा तारा नेमका तोच होता म्हणा.

जाहिरातीतले शब्द पांढऱ्या अक्षरांत तळाशी चिकटवा, म्हणजे छाननीचं सॉफ्टवेअर फसेल. पुढे तीच फाइल एखादा माणूस उघडतो आणि ‘सिलेक्ट ऑल’ करतो, की लपवलेली अक्षरं लगेच दिसतात, त्याची चिंता तुम्हाला कशाला?

फाइलचं नाव ‘रिझ्युमे फायनल नवीन २’ असंच असू द्या.

मुलाखत दहाची असेल तर दहा वाजून बारा मिनिटांनी “लिंक पाठवता का?” असा मेसेज टाका. लिंक आदल्या दिवशीच्या मेलमध्ये असते, पण मेल कोण उघडतं?

आणि मुलाखत ऑनलाइन असेल तर सोन्याहून पिवळं! उत्तरं तुम्ही द्यायचीच नाहीत, शेजारच्या खिडकीत एआय उघडून ठेवायचं. मंगळवारचा माझा चौथा उमेदवार यातला उस्ताद. रिझ्युमेत लिहिलेलं, ‘प्रक्रियेत सुधारणा करून चुका ४० टक्क्यांनी कमी केल्या.’ मी विचारलं, कसल्या चुका? गडी गप्प. मग माझाच प्रश्न एकेक शब्द तोलत परत, “म्हणजे मॅडम… तुम्ही विचारताय… की कुठल्या प्रकारच्या…” मागे कीबोर्डची टकटक. तेवढ्यात त्याच्या चष्म्याच्या काचेत पांढरा चौकोन उजळला आणि त्यात ओळी सरकू लागल्या. मग गाडी सुटली, “चुकांचे प्रामुख्याने तीन पैलू असतात.” पुढच्या प्रश्नालाही तीन पैलू. त्याच्या पुढच्यालाही तीन. शेवटी मी म्हटलं, ते राहू दे, आधीच्या ऑफिसात तुमच्या शेजारी कोण बसायचं? तरी डोळे डावीकडे गेलेच!

अरे, शेजारी कोण बसायचं याला पैलू नसतात! आणि हे ४० टक्के आले कुठून? शंभराच्या साठ झाल्या, की पाचाच्या तीन? मोजल्या कुणी? “मॅडम, बिलांवरचे पत्ते चुकायचे, मी एक यादी करून भिंतीला चिकटवली, मग कमी चुकायला लागले,” एवढं बोलला असता तरी त्याला पुढच्या फेरीला पाठवला असता. नाहीतर सरळ “आठवत नाही” म्हणायचं. एडिसन नोकरीला येणाऱ्यांना शंभराहून जास्त प्रश्नांची परीक्षा द्यायला लावायचा. १९२१मध्ये त्यातलाच एक प्रश्न, आवाजाचा वेग किती, अमेरिकेला गेलेल्या आइन्स्टाइनला विचारला गेला. पुस्तकात सहज सापडतं ते मी डोक्यात ठेवत नाही, असं सांगून तो मोकळा झाला. आइन्स्टाइनला चाललं, आणि आमच्या या महाशयांना शेजाऱ्याचं नावसुद्धा एआयला विचारावंसं वाटतं!

“तुम्हाला काही विचारायचंय का?” या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ हेच असतं.

ऑफर मिळाली की ती दाखवून दुसरीकडे जास्तीची मिळवा आणि रुजू व्हायच्या दिवशी फोन बंद ठेवा. आम्ही लॅपटॉप आणि ओळखपत्र टेबलावर मांडून बसलेलो असतोच.

शेवटी आभारपत्र विसरू नका. बुधवारी सकाळी आमच्या उस्तादाचं आलं. ‘आदरणीय (मुलाखतकाराचं नाव), काल (कंपनीचं नाव) येथे आपल्याशी झालेला संवाद माझ्यासाठी अविस्मरणीय ठरला.’

हे वाचून मात्र माझं डोकं फिरलं. आता सरळच सांगते. बाळा, एआयकडून उजळणी करून घे, पत्रातलं व्याकरण तपासून घे, माझी काही हरकत नाही. पण तीन वर्षं तू स्वतः केलेलं काम तुला दुसऱ्या कुणीतरी सांगावं लागतं? आमच्या बाजूचे लोकही पाच-पाच फेऱ्या घेऊन, “कळवतो” म्हणून गायब होतात. ठाऊक आहे मला, आणि ते निलाजरेपणाचंच आहे. पण म्हणून काही तुझे ४० टक्के खरे होत नाहीत. तो रिझ्युमे समोर घे. प्रत्येक ओळीखाली पेनाने लिही, हे कधी केलं, किती केलं, त्यात माझे स्वतःचे हात किती लागले. जिथे लिहिता येत नाही ती ओळ खोड. दीड पान उरलं तर दीड पान पाठव. आणि ते कंस भरून पाठवत जा रे! माझं नाव मुलाखतीच्या आमंत्रणात होतं, आणि पाऊण तास स्क्रीनवर माझ्याच तोंडाखाली लिहिलेलं होतं.