‘विद्यापीठाचा रेडिओ म्हणजे आयत्या बिळावर नागोबा’? इतिहास उलटं सांगतो

सोलापुरातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर सध्या एक लांबलचक मजकूर फिरतोय. त्याचं सार असं: रेडिओ जन्माला घातला कंपन्यांनी. अमेरिकेतली विद्यापीठं नंतर आयत्या बिळावर नागोबा होऊन बसली. त्यांची रटाळ भाषणं कुणी ऐकेना, म्हणून केंद्रं धडाधड बंद पडली. उरलेली सरकारी पैशावर तगली आणि 2025 मध्ये तो पैसाही आटला. तेव्हा आपल्या कॉलेजांनी हे परदेशी खूळ डोक्यात घेऊ नये. मोबाईलच्या जमान्यात रेडिओ ऐकतो कोण?

पैसा आटला आणि बरीच केंद्रं बंद पडली, एवढं खरं आहे. बाकीचा मजकूर मुळातच चुकीचा आहे, आणि तो पुढे पाठवणाऱ्यांत शिकवणारी माणसं आहेत याचं मला फार वाईट वाटतं.

आधी कोण आलं? पिट्सबर्गचं केडीकेए हे गाजलेलं व्यापारी केंद्र 2 नोव्हेंबर 1920 ला सुरू झालं. त्याच्या चार वर्षं आधी, डिसेंबर 1916 मध्ये, अमेरिकेतल्याच विस्कॉन्सिन राज्यात, मॅडिसनच्या विस्कॉन्सिन विद्यापीठातलं नाइन-एक्स-एम हे प्रायोगिक केंद्र ठरल्या वेळी हवामानाचा अंदाज बिनतारी यंत्रावरून सोडत होतं. तेव्हा तो तारेसारखा कट्ट-कडकट्ट भाषेत जायचा. ठरलेल्या वेळी माणसाच्या आवाजात अंदाज द्यायला जानेवारी 1921 उजाडला. म्हणजे रोजच्या बोलत्या कार्यक्रमात केडीकेए दोन महिने पुढे होतं, हे मान्य. पण ‘नंतर घुसले’ कुठून आलं?

अंदाजच का, यातच सगळं आलं. खेड्यातल्या शेतकऱ्याला टपालाने वर्तमानपत्र मिळेपर्यंत त्यातलं हवामान शिळं झालेलं असायचं. वाळत घातलेला चारा भिजायचा तो भिजलेलाच. विद्यापीठाची हद्द म्हणजे राज्याची हद्द, हा विचार तिथे विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच रुजला होता, आणि भौतिकशास्त्राचे प्राध्यापक अर्ल टेरी यांनी तो रेडिओत आणला. जुन्या रेडिओत पेटलेले दिसायचे ते काचेचे व्हॉल्व्ह टेरी आणि त्यांचे विद्यार्थी प्रयोगशाळेत स्वतः बनवत. काच फुंकायची, आत तार बसवायची, हवा पूर्ण काढून घ्यायची, आणि इतकं करून तो चालू केल्यावर उडाला की पुन्हा पहिल्यापासून. बाजारातून सहज विकत आणावी अशी ही वस्तू नव्हती. असं बीळ आयतं कसं म्हणायचं? 1922 च्या जानेवारीत या केंद्राला डब्ल्यूएचए हे नाव मिळालं, आणि आजचं विस्कॉन्सिन पब्लिक रेडिओचं जाळं त्याच बुंध्यातून वाढलेलं आहे.

आता रटाळ भाषणांचं. 1931 मध्ये या केंद्राने शाळांसाठी रोजचे वर्ग सुरू केले. त्या काळी तिथे एका खोलीच्या, एका शिक्षकाच्या शाळा गावोगाव होत्या. शिक्षकाला गणित यायचं, वाचन यायचं, पण गाणं शिकवणार कोण? एडगर गॉर्डन नावाचे संगीताचे प्राध्यापक स्टुडिओतून एकेक ओळ म्हणायचे आणि दूरदूरच्या वर्गांतली पोरं रेडिओसमोर उभी राहून ती म्हणायची. वर्षाअखेरीस हजारो मुलं मॅडिसनला जमून तीच गाणी एकत्र गायची, एकमेकांना आयुष्यात कधी न पाहिलेली. वेकलिन मॅकनील झाडं-पाखरांबद्दल बोलायचे. 1936 पासून तर रेडिओवरून चित्रकला शिकवली गेली. डोळ्यांना काहीच दिसत नसताना चित्रकला! जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत शिकवलेल्या माणसाला यातलं मोल वेगळं सांगायला नको. ज्या वर्गाला संगीत शिक्षक कधीच मिळणार नाही, त्याला तो आवाजातून मिळाला.

केंद्रं बंद पडली, हे खरंच आहे. 1921 ते 1936 या काळात अमेरिकेत शिक्षणसंस्थांना दोनशेच्या आसपास परवाने मिळाले, त्यातले चाळीससुद्धा उरले नाहीत. पण कारण? 1928 मध्ये तिथल्या रेडिओ आयोगाने लहरींची फेरवाटणी केली. ताकदीच्या, निर्वेध लहरी व्यापारी केंद्रांकडे गेल्या. कॉलेजांच्या वाट्याला कमी ताकद, दुसऱ्या केंद्राशी वाटून घेतलेले तास, किंवा फक्त दिवसाउजेडी प्रसारण. शेतकरी संध्याकाळी मोकळा व्हायचा तेव्हा कॉलेजचा रेडिओ बंद झालेला असायचा. वर परवान्याच्या दर सुनावणीला वकिलाचा खर्च. मंदीच्या दिवसांत कोणतं कॉलेज तो झेपवणार? ही केंद्रं कुणी ऐकेना म्हणून बंद पडली नाहीत, ऐकू येईना अशी केली म्हणून बंद पडली. 1934 मध्ये एक चतुर्थांश लहरी बिगरनफा संस्थांसाठी राखून ठेवण्याची सूचना सिनेटमध्ये हरली. नंतर एफएम आल्यावर 1945 मध्ये 88 ते 92 मेगाहर्ट्झचा पट्टा राखीव झाला, आणि विस्कॉन्सिनने 1947 पासून पाच-सहा वर्षांत राज्यभर आठ एफएम केंद्रं उभारून दाखवली. दार उघडं मिळाल्यावर काय होतं ते तिथे दिसतं.

2025 मध्ये अमेरिकी संसदेने सार्वजनिक प्रसारणाचा केंद्रीय निधी काढून घेतला. लहान, ग्रामीण केंद्रांवर हे मोठं संकट आहे आणि ते कमी लेखू नये. पण या केंद्रांच्या पैशाचा मोठा वाटा श्रोत्यांच्या वर्गणीतून येतो. कुणी ऐकत नसतं तर वर्गणी कोण भरतं?

‘परदेशी खूळ’ हा आरोप मला सर्वांत जास्त झोंबला. म्हैसूर विद्यापीठात मानसशास्त्र शिकवणारे प्रा. एम. व्ही. गोपालस्वामी यांनी 1935 मध्ये स्वतःच्या घरातून रेडिओ केंद्र चालवलं. ‘आकाशवाणी’ हे नाव त्यांच्या केंद्राचं. देशाने ते नंतर उचललं. 1956 मध्ये पुणे आकाशवाणी आणि युनेस्कोने महाराष्ट्रातल्या 5 जिल्ह्यांतल्या दीडशेच्या आसपास गावांत शेतकऱ्यांचे ऐकण्याचे गट बसवले: आठवड्यातून दोनदा ऐकायचं, चर्चा करायची, कृती ठरवायची. 1995 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लहरी ही जनतेची मालमत्ता असल्याचं म्हटलं, आणि 1 फेब्रुवारी 2004 ला चेन्नईत अण्णा विद्यापीठाचं केंद्र सुरू झालं. पुणे विद्यापीठाची विद्यावाणीही आहेच. इतकं सगळं आपल्याच मातीत झालेलं असताना त्याला परदेशी म्हणायचं कशाच्या जोरावर?

राहिला मोबाईल. सोलापूरच्या पूर्व भागात एखाद्या विडी कामगार बाईच्या उंबऱ्यात थोडा वेळ बसून पाहा. मांडीवर सूप, कातरलेलं तेंदूपान, चिमूटभर तंबाखू, वळी, दोऱ्याचा वेढा. दोन्ही हात आणि डोळे कामात, मोकळे फक्त कान. स्क्रीनकडे पाहायला थांबली की विड्या कमी भरतात आणि मजुरी कमी येते. क्षयाची लक्षणं, मुलीची शिष्यवृत्ती, कामगार कल्याणाच्या योजना तिला तिच्या तेलुगूत कोण सांगणार? शेजारच्या गल्लीत कन्नड, पलीकडे उर्दू. चार भाषांच्या या शहरासाठी मुंबईतून चालणारी वाहिनी वेगळा कार्यक्रम करणार नाही, तिला त्यात नफा नाही.

अडचणी आहेत. कॉलेजं आणि संस्था चालवतात त्या सामुदायिक केंद्राला ताकद सहसा 100 वॉटचीच मिळते, ती दहा-पंधरा किलोमीटर पोचते. स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. केगावच्या डाळिंब संशोधन केंद्राला तेल्या रोगाबद्दल कळलेलं सांगोल्याच्या बागायतदाराला सोलापुरातल्या एका टॉवरवरून ऐकू येणार नाही. 11 तालुक्यांना अनेक टॉवर लागतील. विस्कॉन्सिननेही आठ उभारले, एकावर भागलं नाही. 2006 च्या धोरणापासून कॉलेजांबरोबर कृषी विज्ञान केंद्रं आणि नोंदणीकृत सामाजिक संस्थाही परवान्याला पात्र आहेत. अर्ज माहिती व प्रसारण मंत्रालयाकडे करायचा असतो, आणि तो करायला कुणाला कंपनी असावं लागत नाही.