‘ससा टेकडीवर सोडा, निसर्ग सांभाळेल’: नाही सांभाळत

सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मेसेज पुन्हा फिरतोय. त्याचा मजकूर थोडक्यात असा: ससा मुळात रानातला प्राणी, सांभाळणं जमत नसेल तर टेकडीवर सोडा. सोडवत नसेल तर लहान मुलं असलेल्या कुठल्याही घरी देऊन टाका, गाजरावर जगतो. एकटा पडू नये म्हणून जोडी करून द्या. पाठवणाऱ्यांना सशाचं भलंच हवं असतं, म्हणून नीट उत्तर देते. सोडून दिलेले ससे घेऊन त्यांना घरं शोधण्याचं काम आम्ही काहीजणी करतो.

आधी टेकडीचं. आपल्या माळरानावरचा ससा आणि दुकानातून आणलेला ससा हे दोन वेगळे प्राणी आहेत. माळावरच्या सशाची पिल्लं अंगभर केस आणि उघडे डोळे घेऊन जन्मतात. पाळीव ससा मूळचा युरोपातला. त्याची पिल्लं उघडी, डोळे मिटलेली असतात. दोघांचा संकरही होत नाही. दुकानातला पांढराशुभ्र ससा सुकलेल्या गवतात दुरून नजरेत भरतो, माणसाचा आवाज आला की खाऊच्या आशेनं पुढे येतो आणि कुत्र्यासमोर पळायचं कुठे हे त्याला ठाऊक नसतं. सशाला घाम येत नाही, तो अंगातली उष्णता मुख्यतः कानांवाटे बाहेर टाकतो. पारा 30 अंशांपुढे गेला की उष्माघाताचा धोका सुरू होतो. एप्रिलमधली आपली कोणतीही टेकडी डोळ्यांसमोर आणा.

यावर हमखास विचारतात, मग ऑस्ट्रेलियात कसे माजले? तिथे 1788 साली पहिल्या ब्रिटिश ताफ्याबरोबरच ससे पोचले होते आणि पुढेही येत राहिले. पण सत्तरेक वर्षं ते खंडभर काही पसरले नाहीत. पसरले ते 1859 मध्ये थॉमस ऑस्टिननं इंग्लंडहून मागवलेल्या सशांचे वंशज, आणि त्या सशांत रानटी रक्त होतं, हे 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासातून पुढे आलं. म्हणजे हा दाखला पाळीव ससा सोडून देण्याच्या विरुद्धच जातो. शिवाय 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम 11 प्रमाणे, जनावराचे भुकेनं-तहानेनं हाल होतील अशा स्थितीत त्याला विनाकारण सोडून देणं हा गुन्हा आहे.

गाजराचं लवकर सांगते. गाजर गोड, त्यामुळे कधीतरी एखादी चकती पुरे. सशाचं खरं जेवण म्हणजे गवत, ताजं किंवा वाळवलेलं, दिवसभर समोर. त्याचे दात आयुष्यभर वाढतात, पुढचे तर वर्षाला 10 ते 12 सेंटिमीटर, आणि ते झिजतात गवत चावूनच. हरळी चालते. लसूणघास मात्र मोठ्या सशाला रोज नको, त्यात कॅल्शियम फार असतं.

जोडीचा सल्ला सगळ्यात जास्त ससे रस्त्यावर आणतो. ‘दोन्ही माद्याच आहेत’ असं सांगून विकलेल्यांतला एक नर निघणं नेहमीचंच. गाभणकाळ साधारण 31 दिवसांचा, आणि व्यायल्यावर काही तासांतच मादी पुन्हा गाभण राहू शकते. दोन नर असतील तर वयात येताच एकमेकांना रक्तबंबाळ करतात. सशाला सोबत हवी हे खरंच आहे, पण आधी नसबंदी. नर त्यानंतरही चारसहा आठवडे फळवू शकतो, तोवर वेगळं ठेवायचं. मग दोघांनाही नवख्या जागेत, नजरेसमोर, थोडा थोडा वेळ भेटवायचं. मादीला याचा आणखी एक फायदा: नसबंदी न केलेल्या माद्यांत वयानुसार गर्भाशयाच्या कर्करोगाचं प्रमाण बरंच वाढतं.

आता ‘देऊन टाका’. बुटांच्या खोक्यातून आलेला ससा उलटा करून पाहिलात तर गोष्ट कळते: जाळीच्या तळावर बसून मागच्या टाचांचे केस गेलेले, कातडी लाल, नखं वळलेली, शेपटीखाली लेंडीचा चिकट थर. तोही कुणीतरी मायेनं ‘देऊन टाकलेला’च असतो. मुलानं ओढून उचलला की ससा मागचे पाय जोरात झाडतो आणि त्या हिसक्यानं पाठीचा कणा मोडू शकतो. फुकट दिलेला ससा खायला किंवा पिल्लं काढून विकायलाही नेला जातो. म्हणून आम्ही घर बघून येतो. ससा 8 ते 12 वर्षं जगतो हे घरातल्या मोठ्यांशी बोलतो, मुलांशी नाही. वायरी कुठून गेल्यात, गावाला गेल्यावर कोण बघणार, भाड्याचं घर असेल तर मालकाला चालतं का, हे विचारतो. सशांचा अनुभव असलेला डॉक्टर आधी शोधायला सांगतो, कारण कुत्र्यांच्या पिसवांवरचं फिप्रोनिल किंवा तोंडावाटे दिलेलं अमॉक्सिसिलिन सशाच्या जिवावर बेतू शकतं. काहीजण या चौकशीनं रागावतात आणि दुकानातून ससा आणतात. त्याचं वाईट वाटतं, तरी चौकशी सोडत नाही.

तुमच्याकडचा ससा द्यायचाच असेल तर नसबंदी करूनच द्या. सकाळच्या गारव्यात पोचवा, सोबत आठवडाभराचं नेहमीचं खाणं द्या आणि नव्या घरात पहिले दोन दिवस लेंड्या मोजायला सांगा. बारा तास खाल्लं नाही किंवा लेंड्या थांबल्या तर सकाळची वाट न बघता डॉक्टर गाठायचा. आणि कधीही जमेनासं झालं तर ससा परत तुमच्याकडेच येईल, हे लिहून घ्या.