ओताऱ्याचा साचा: क्रूसही, हातोडाही

डेन्मार्कच्या राष्ट्रीय संग्रहालयात शंखजिऱ्याच्या दगडाचा एक साचा आहे. दहाव्या शतकातला, जटलंडमध्ये सापडलेला. त्या एकाच दगडात ख्रिस्ती क्रूस ओतायची खाच आहे आणि उत्तर युरोपातल्या जुन्या गर्जनेच्या देवाच्या, थॉरच्या, हातोड्याचीही. गिऱ्हाईक ज्या देवाचं, त्या देवाचं पदक ओताऱ्यानं करून द्यायचं.

युरोपातल्या धर्मांतराचा विषय निघाला की मला हा ओतारी आठवतो. आपल्याकडे त्यावर दोनच सुरांत बोललं जातं. एक म्हणजे, तलवारीच्या धाकानं जुने देव एका रात्रीत पुसले गेले. दुसरा, रानटी लोकांना प्रकाश दिसला. दोन्ही ऐकताना मला त्रास होतो, कारण त्यात माणसं कुठेच नसतात.

तलवार होती, यात शंका नको. फ्रँक लोकांचा राजा शार्लमेन यानं ७७२ साली शेजारच्या सॅक्सन लोकांचा पवित्र स्तंभ, इर्मिन्सुल, पाडला. ७८२ साली व्हर्डनला एका दिवसात ४,५०० सॅक्सनांची मुंडकी उडवली, असं फ्रँकांच्याच बखरीत लिहिलंय. बाप्तिस्मा टाळणाऱ्याला देहदंड, असा कायदाही त्यानं केला. पण सक्तीनं श्रद्धा येत नाही, हे त्याच्याच दरबारातल्या अल्क्विन नावाच्या विद्वानानं लिहून ठेवलं, हेही विसरू नये.

आइसलँडची गोष्ट मात्र वेगळी आहे आणि मला ती फार मोलाची वाटते. साल १०००च्या आसपास तिथल्या लोकसभेत, आल्थिंगमध्ये, ख्रिस्ती आणि जुन्या धर्माचे असे दोन तट पडले. दोघांनी वेगवेगळे कायदे पाळायचं ठरवलं, म्हणजे देश फुटणारच. वरून देशानं ख्रिस्ती व्हावं म्हणून नॉर्वेच्या ओलाफ राजानं काही आइसलँडकरांना ओलीस धरलेलं. निवाडा थोरगेइर या कायदेप्रमुखावर सोपवला गेला, आणि तो स्वतः जुन्या देवांना मानणारा! तो अंगावर पांघरूण ओढून दिवसभर आणि रात्रभर पडून राहिला, कुणाशी बोलला नाही. दुसऱ्या दिवशी उठून म्हणाला, कायदा फाटला तर शांतताही फाटेल. सगळ्यांनी बाप्तिस्मा घ्यायचा. पण घोड्याचं मांस खायची मुभा राहील, नको असलेलं अर्भक उघड्यावर टाकायची जुनी रीतही राहील, आणि गुपचूप बळी दिला तर हरकत नाही. साक्षीदार मिळाले तरच तीन वर्षांची हद्दपारी. काही वर्षांनी या सवलती गेल्या. थंड पाण्यात उतरायला नको म्हणून कित्येकांनी परतीच्या वाटेवर गरम झऱ्यात बाप्तिस्मा घेतला, असंही एका जुन्या वृत्तांतात आहे.

आता याला सक्ती म्हणायचं की संमती? मला तरी एका शब्दात सांगता येत नाही. त्याच आइसलँडमध्ये आधी हेल्गी नावाचा माणूस येऊन वसला होता. तो ख्रिस्ताला मानायचा, वस्तीचं नावही त्यानं ख्रिस्तावरून ठेवलं, पण समुद्रावर निघताना धावा थॉरचा करायचा.

देवांच्या जागा बदलणं हे त्याहून जुनं. रोमनांच्या ज्युपिटरच्या वारी उत्तरेकडच्यांनी आपला थॉर बसवला, म्हणून इंग्रजीत तो थर्सडे झाला. आपल्याकडेही तो त्याच ग्रहाचा वार, गुरुवार.

इंग्लंडच्या वायव्येला गॉस्फोर्थ गावच्या चर्चच्या आवारात तांबड्या वालुकाश्माचा साडेचार मीटरच्या आसपास उंचीचा क्रूस उभा आहे. हाही दहाव्या शतकातला. त्याच्या पूर्वेकडच्या बाजूवर नॉर्स, म्हणजे उत्तरेकडच्या जुन्या देवांपैकी विदार, फेनरिर या राक्षसी लांडग्याचा जबडा फाडताना ओळखू येतो. दुसरीवर शिक्षा म्हणून बांधलेला कपटी देव लोकी, आणि त्याच्यावर ठिबकणारं सापाचं विष वाटीत झेलणारी त्याची बायको सिगिन. पूर्वेकडच्याच बाजूवर, विदारच्या खाली, हात पसरलेला ख्रिस्त, त्याच्या कुशीत भाला खुपसणारा शिपाई, आणि खाली एक बाई. केस मागे बांधलेले, झगा मागे लोळणारा, अगदी नॉर्स धाटणीची. ती ख्रिस्ताची शिष्या मेरी मॅग्डालीन असावी, असं बरेच अभ्यासक मानतात. तिच्याही हातात एक पात्र आहे.